पेटीतला दमटपणा

संतोष गायधनी अंबडच्या एका कारखान्यात मशिनच्या देखभालीला होता. नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारा म्हणून तिथं त्याचा दबदबा होता. काही बिघडलं की त्याचं बोट आधी दुसऱ्याकडं वळायचं, ही खोडही सगळ्यांना माहीत होती. फक्त त्याला नव्हती.

नाशिक रोडच्या फ्लॅटमध्ये, बाथरूमला लागून असलेल्या लहान खोलीत, त्यानं जुन्या कपाटाची पेटी केली होती. आतून चंदेरी कागद, वर दिवा, खाली छोटा पंखा आणि दमटपणा दाखवणारं एक यंत्र. सुरगाण्याहून आणलेली स्ट्रॉबेरीची रोपं तो त्यात जिवापाड जपत होता. त्याच खोलीत त्याची आई झोपायची, ते बाथरूमही तीच वापरायची. वडील गेल्यावर चंद्रभागाबाई येवल्याकडचं गाव सोडून लेकाकडं आल्या होत्या.

थंडी वाढली आणि रोपांवर करडी बुरशी धरली. सकाळी पेटी उघडावी तर आतल्या बाजूंवरून पाणी ओघळलेलं, पहिलीवहिली फळं लिबलिबीत झालेली. संतोषचं डोकं फिरलं. तेवढ्यात आई आंघोळ करून बाहेर आली, मागून वाफेचा लोट आला.

"तरीच! आई, तुझ्या कढत पाण्यानं वाट लावली माझ्या झाडांची. सगळी वाफ पेटीत शिरते. एवढं कळत नाही का गं?"

साखर मागायला आलेल्या शेजारच्या योगिनीताई दारातच उभ्या होत्या. चंद्रभागाबाईंनी पदर सावरला. "मला काय ठावं, बाबा," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढं त्यांना खोकला लागला. संतोषनं औषधाची बाटली आणून दिली आणि विषय संपवला. बुरशी मात्र हटेना.

एका रविवारी त्याची बायको उज्वला स्वयंपाकघरातून तरातरा आली. "आईंचा खोकला का जात नाही, माहितीय? गार पाण्यानं अंघोळ करतायत. तू ओरडलास त्या दिवसापासून. आज मी बादलीत हात घातला म्हणून कळलं. बर्फ होतं नुसतं!"

वाफ तर केव्हाच थांबली होती, मग पेटीत पाणी कुठून येत होतं? संतोष पेटीपुढं जाऊन बसला. ऊब टिकावी म्हणून वरचं हवेचं भोक त्यानंच चिंधीनं बुजवलं होतं. कामावरून आल्यावर रोपांना भरपूर पाणी घालायचा, लगेच दिवा बंद करायचा, आवाज नको म्हणून पंखाही. दिव्यानं तापलेली हवा ओल धरून ठेवायची. दिवा गेला की पेटी गार पडायची आणि ती सगळी ओल थेंब होऊन बाजूंवर, पानांवर बसायची. गार पडलेल्या पाइपावर पाणी सुटतं, हे तो कारखान्यात नव्या पोरांना शिकवायचा.

कान तापले त्याचे. चिंधी त्यानं उपसून काढली आणि ती हातात घेऊनच आईसमोर गेला.

"आई, वाफेचा काही संबंध नव्हता. चूक माझीच होती."

ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिचा चेहरा एकदम उजळला.

"म्हंजी माझ्यानं नाय नासली ती झाडं? लय घोर लागला व्हता रे जिवाला. लेकाच्या घरात आले न् त्याचं नुसकान केलं, आसं वाटायचं."

संतोषला मान वर करवेना.

पाणी तो सकाळी घालू लागला. भोक मोकळं, पंखा रात्रभर चालू. बुरशी गेली, आणि पहिली चांगली फळं त्यानं योगिनीताईंच्या देखत आईच्या हातावर ठेवली. "चूक माझी होती," हेही त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. खोकला मात्र पुढं बरेच दिवस रेंगाळला. भिंतीपलीकडून तो ऐकू आला की संतोष टीव्हीचा आवाज बारीक करायचा आणि नुसता बसून राहायचा.