जावयानं आणलेल्या उवा

मी घरजावई होतो. मंद्रूपच्या अलीकडं मुरूम काढून उघडी पडलेली एक खाण होती. तिच्यात पाणी साठायचं, आणि सासरे त्यात मासे पाळायचे, पेंड घालून वाढवायचे, सोलापूरच्या बाजारात विकायचे. जावई हात हलवत आला, हे मेव्हणी येताजाता ऐकवायची. म्हणून मोहोळकडं आईला भेटून येताना मी सीना नदीतले दणकट मासे घागरीत घालून आणले.

वाटेत पाणी बदलताना एकाच्या पोटाला मसुराएवढी, चपटी, काचेसारखी ऊ दिसली. नखानं काढली. दुसरीही काढली. घरी मात्र गप्प राहिलो. सगळ्यांदेखत मासे तळ्यात सोडले. सासऱ्यांनी नारळ फोडला.

पुढं तळ्यातले मासे दगडांना अंग घासायला, पाण्याबाहेर उड्या मारायला लागले. सासरे हरखले. "बघा की, जावयबापू घागर घिऊन आल्यापास्नं मासं नाचत्यात! पायगुण हाय त्यांचा!" येईल त्याला ते हा नाच दाखवायला न्यायचे, आणि मी शेजारी मुंडाशाशी चाळा करत उभा.

मग बाजारात एका गिऱ्हाइकानं माशाचा कल्ला उचलून पाहिला. लाल हवा तो फिकट, वर शेंबडासारखा चिकट थर. अंगावरचे खवले निघून तांबडे चट्टे पडलेले. टोपली तशीच परत आली.

सासऱ्यांनी दोष दिला शेजारच्या म्हातारीच्या म्हशींना. त्या तळ्यात डुंबायच्या. बाभळीच्या फांद्या लावून त्यांची वाट बंद झाली. भर उन्हात म्हातारी म्हशी हाकत लांबच्या ओढ्याला जायची आणि जाताना नेमकी मलाच म्हणायची, "जावयबापू, तुमी तरी सांगा की वो. माज्या म्हशींनी काय केलं?"

मी 'सांगतो की' म्हणून सटकायचो.

मासे मरून तरंगायला लागले, तेव्हा सासऱ्यांनी तळं उपसून टाकायचं ठरवलं. मग मात्र ताटावरच बोललो, "मामा, उवा लागल्यात माशांना. त्या मी आणल्या. दिसल्या हुत्या मला. लाजंनं बोललो न्हाय."

ते हातातला घास ताटात टाकून एकदम खो खो हसत सुटले. "आरं देवा! लोक आंदणात गाय देत्यात, आमचा जावय उवा घिऊन आला!"

मेव्हणीला ठसका लागला. बायको तेवढी हसली नाही. म्हणाली, "जळवा मिठानं गळत्यात. ह्याबी गळतील की."

गूळ उकळायची मोठी कढई, काईल, मागून आणली, तिच्यात मिठाचं पाणी केलं. जाळं ओढायचं, मासे काईलीत सोडायचे, कलंडायला लागले की उचलून परत तळ्यात सोडायचे. उवा सुटून तळाशी पडताना दिसल्या, तशी मेव्हणी टाळ्या पिटायला लागली. तळ्यात रोवलेल्या लाकडी खुंटांवर उवांची अंडी होती. ते उपटून उन्हात टाकले. हाच उद्योग पुन्हा पुन्हा केला. बरेच मासे गेले, पण तळं वाचलं. नव्यानं उचललेला कल्ला जास्वंदीसारखा लाल निघाला, त्या दिवशी सासऱ्यांनी घरात पुरणपोळी करायला लावली.

"आता म्हातारीकडं कोन जानार?" सासऱ्यांनी विचारलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

गेलो. सगळं सांगितलं. म्हातारी कमरेवर हात ठेवून ऐकत होती. म्हणाली, "मग म्हशी तुमीच धुवा."

बाभळीच्या फांद्या मीच ओढून काढल्या. म्हशी धडाधड पाण्यात शिरल्या, मागोमाग धोतर खोचून मी.

"कानामागं घासा, बापू!" म्हातारी काठावरून ओरडत होती. "आता शेपटीखाली!"

सासरे पोट धरून खालीच बसले.