आयलाला न येणारा वास

आयला रुओहोला कसलाच वास येत नाही, हे केटल बे गावात कुणालाही ठाऊक नव्हतं. तिच्या आईलासुद्धा.

कागद गिरणीतल्या कामगाराची ही मुलगी सहाव्या वर्षी वेण्या हेल्मेटात खोचून मुलांबरोबर आइस हॉकी खेळायला लागली आणि पुढे विद्यापीठाच्या संघात गेली. तेविसाव्या वर्षी एका सामन्यात तिचं डोकं कडेच्या फळ्यांवर आपटलं. कानात घंटा वाजताहेत, असं तिनं प्रशिक्षकाला सांगितलं. त्यानं पाणी प्यायला दिलं आणि तिला पुन्हा बर्फावर उतरवलं. दहा मिनिटांत दुसरा मार बसला. महिन्याभरात डोकं ठणकायचं थांबलं, पण कॉफी नुसत्या कढत पाण्यासारखी लागू लागली. राष्ट्रीय संघाच्या निवडीआधी हे फुटलं तर घरी पाठवतील, म्हणून ती गप्प बसली. निवड काही झाली नाही. गप्प बसणं मात्र अंगवळणी पडलं.

चार वर्षं आणखी खेळून ती गावी परतली, शाळेत शिकवू लागली आणि तिनं मुलींचा संघ उभा केला. पहिल्या वर्षी सात मुली होत्या, अंगात मुलांच्या जुन्या जर्सी. नवव्या वर्षी हा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचला. सामना गावातल्याच रिंकवर, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त मैदानावर होता, फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी.

त्याच्या आधीच्या मंगळवारी गोलरक्षक नोएमी तिच्याजवळ आली. बारा वर्षांची, मोजकं बोलणारी पोर.

"कोच, माझ्या गोलपाशी वास मारतोय. आजी फरशी पुसते ना, त्या औषधासारखा."

बाकीच्या मुली हसल्या. तुझेच मोजे असतील, म्हणाल्या. आयलानं खोल श्वास घेतला. काहीच नाही. तिनं वॉल्डी पेत्रुकला विचारलं. तीस वर्षं रिंकचं बर्फ गोठवणारं यंत्र तोच सांभाळत होता. आयलाच्या पहिल्या स्केट्सना धार त्यानंच लावली होती. यंत्र म्हातारं झालंय, थोडा अमोनिया वायू सोडतं, मोसम संपला की नळी बदलू, असं तो म्हणाला. गुरुवारी सरावात दोन मुली खोकत होत्या. आयलाचे डोळे चुरचुरले. थंडी, असं तिनं स्वतःला समजावलं.

शनिवारी सगळं गाव लोटलं होतं. कपडे बदलायच्या खोलीत मुली तयार होत होत्या. नोएमी एकच स्केट बांधून बसली होती. डोळे लालभडक.

"मी त्या टोकाला उभी राहणार नाही," ती म्हणाली. "घाबरले नाहीये मी. तुम्हाला खरंच वास येत नाही का?"

आयला तिच्यासमोर बाकावर बसली.

"नाही येत," ती म्हणाली. "मला तेरा वर्षं कुठलाच वास येत नाही. तुमच्यापैकी आणखी कुणाला येतोय?"

एकेक करत अकरा हात वर झाले. अंतिम सामना हातचा जाईल म्हणून कुणी बोललं नव्हतं.

तिनं मुलींना तशाच बाहेर काढून बसमध्ये बसवलं आणि वॉल्डीला गाठलं.

"यंत्र बघा वॉल्डी. आत्ता. आणि लोकांना बाहेर काढू द्या मला."

"एका पोरीच्या नाकावर सामना थांबवायचा?" वॉल्डी म्हणाला. "मी बघून येतो. काही नाही सापडलं तर सगळ्या गावाची माफी मागायची, पोरी."

ती थांबली नाही. भिंतीवरची आगीची घंटा तिनं ओढली. लोक कुरकुरत बाहेर आले, उणे बावीस अंशांच्या थंडीत पाय आपटत उभे राहिले. वॉल्डी आला नाही. आयलानं यंत्रखोलीचं दार ढकललं, तर डोळ्यांत सुया घुसल्या आणि गळा आवळला गेला. आत पाऊल टाकता आलं नाही. मुखवटे लावलेल्या अग्निशमनवाल्यांनी त्याला बाहेर आणलं, तेव्हा तो गेलेला होता.

गंजलेली नळी वॉल्डी आत असतानाच फुटली होती. ऐन सामन्यात ती फुटली असती तर काय झालं असतं, ते चौकशीला आलेल्या माणसानं हलक्या आवाजात सांगितलं. रिंकला कुलूप लागलं. रस्त्यात काही जण तिचा हात धरून आभार मानत, काही जण तिला पाहून पलीकडच्या बाजूला जात.

मार्चमध्ये ती मुलींना गोठलेल्या तळ्यावर नेऊ लागली. रोज काठावर एक गाडी येऊन उभी राही. आत वॉल्डीची बायको ओलेना. ती उतरत नसे, नुसती बघत बसे. आठवडाभरानं आयला तिच्याकडे चालत गेली. काच खाली आली.

"त्याला आत तू पाठवलंस?"

"यंत्र बघा, असं मी म्हणाले."

ओलेनानं गाडीचं इंजिन बंद केलं.

"महिनाभर त्याच्या कपड्यांना तो वास येत होता," ती म्हणाली. "मीच धूत होते. कुणाला काही बोलले नाही."

आयलानं खिडकीच्या कडेवर हात ठेवला. ओलेनानं तो झटकला नाही. तेवढ्यात बर्फाखालून लांबवर काहीतरी दणकन तडकल्याचा आवाज आला. आयला वळली आणि सगळ्या मुली काठावर येईपर्यंत शिटी वाजवत राहिली.