स्टेपनीचं कव्हर काकूंनी निवडलं

पानेकाकांचं खरं नाव त्यांच्या पगारपत्रकाला तेवढं माहीत असेल. बाकी सगळ्यांना ते पानेकाकाच, कारण खिशात पाना असल्याशिवाय हा माणूस घराबाहेर पडत नसे. लग्नाच्या फोटोतसुद्धा कोटाचा उजवा खिसा फुगलेला दिसतो. पस्तीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. एका नऊमजली इमारतीत तर इतक्या वेळा जाणं झालं की तिथली माणसं त्यांना भाडेकरूच समजायची. निवृत्तीच्या दिवशी म्हणाले, जन्मभर वर-खाली केलं, आता जरा सरळ जाऊ. आणि आठवड्याभरात एका लाँड्रीवाल्याची जुनी व्हॅन दारात आणून उभी केली.

काकू त्या दिवशी जे बोलल्या ते इथं सांगण्यासारखं नाही. काकूंचं तोंड एकदा सुरू झालं की ते बंद करायला काकांकडेही पाना नव्हता. सव्वीस वर्षं पडद्यांच्या कापडाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिलेली बाई ती. गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवून, हसवून, वेळ पडली तर रागावून त्याच्याकडून कापड निवडून घ्यायचं हेच त्यांचं काम. दोन दिवस त्या व्हॅनकडे न बघता जा-ये करत होत्या. तिसऱ्या दिवशी आत शिरल्या, नाक मुरडलं, म्हणाल्या साबणाचा वास येतोय, आणि मापाची टेप मागितली. तिथून पुढे ती गाडी दोघांची झाली.

तीन वर्षं खपले दोघं. काकांनी फळ्या कापून पलंग केला, खाली कप्पे केले, दोन शेगड्यांचा ओटा बसवला. काकूंनी पडदे शिवले, पिवळेधमक, वर शेंदरी फुलं. काका म्हणाले, अगं, लांबून बघणाऱ्याला वाटेल आग लागली. काकू म्हणाल्या, लागू दे वाटायला, निदान कुणी बघेल तरी. शेवटी सगळं झालं आणि राहिलं काय, तर मागच्या दारावर टांगलेल्या स्टेपनीचं कव्हर. त्यावरून मात्र घोडं अडलं. काकांना साधं काळं रेक्झिन हवं होतं, म्हणजे मळ दिसत नाही. काकूंना चित्र हवं होतं. मागून येणारा बिचारा तासन्‌तास आपलं ढुंगण बघत येणार, त्याला काही बघायला नको का, असं त्यांचं म्हणणं. कव्हर आलं की गाडीतून भटकायला निघायचं, एवढं मात्र दोघांचं ठरलं होतं. दर आठवड्याला भांडण व्हायचं आणि दर आठवड्याला निघणं पुढं जायचं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, इथं एकच होतं आणि तेच पुरलं.

कारण मग एका सकाळी दात घासता घासता काकू न्हाणीघरात खाली बसल्या त्या बसल्याच. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. अगदी सगळी गेली नाही, एक शब्द उरला. "नको." पाणी हवं असलं तरी नको, नको असलं तरी नको. लेक आली की आनंदानं डोळे भरून यायचे आणि तोंडातून निघायचं, नको, नको. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी काकांना समजावलं होतं की त्यांना समजतं सगळं, शब्द तेवढा एकच बाहेर येतो, त्याचा अर्थ धरू नका. मान हलवतात तीही कधी उलटी हलते. चित्रांची कार्डं दिली तर काकूंनी डाव्या हातानं ती टेबलावरून लोटून दिली. सव्वीस वर्षं लोकांना निवड करायला लावणाऱ्या बाईपुढं पाण्याच्या पेल्याचं आणि चपलेचं चित्र ठेवायचं म्हणजे, तुम्हीच सांगा.

सात महिने असे गेले. काका तिला भरवत, न्हाऊ घालत, केस विंचरत. सगळं शिकले. पण पलीकडून उत्तर नाही, त्यानं त्यांचा जीव आतल्या आत कुरतडला जात होता. डाळिंबी साडी नेसवू की निळी? नको. खिडकी लावू? नको. मग काकाच अंदाजानं काहीतरी करत आणि ते बरोबर की चूक हे कधीच कळत नसे. चाळीस वर्षं जिनं प्रत्येक गोष्टीवर मत दिलं, न विचारताही दिलं, तिचं आता कशावरच मत कळेना. रडू आलं की काका खाली जाऊन व्हॅनमध्ये बसत.

लेकीनं गाडीला गिऱ्हाईक शोधलं ते याच सुमाराला. तिच्या कचेरीतलं एक नवीन जोडपं होतं, रविवारी बघायला येणार होतं. लेक वाईट नव्हती हो, दमली होती. बाबा, आईला गाडीच्या तीन पायऱ्या चढवायला दोन माणसं लागतात, तुम्ही एकटे हिला घेऊन कुठल्या रस्त्यावर अडकून पडाल, असं ती फोनवर सांगत होती, आणि काका स्वयंपाकघरात स्पीकर लावून ऐकत होते. चार हातांवर काकू खुर्चीत. माणसाची वाचा गेली की लोकांना वाटतं कानही गेले. बाकीच्यांचं सोडा, नवऱ्यालाही वाटतं.

काका म्हणाले, मी तिला विचारल्याशिवाय विकणार नाही. लेक म्हणाली, काय विचारणार बाबा? ती काय सांगणार? यावर काकांच्या डोक्यातून जे निघालं ते असं, की स्टेपनीचं कव्हर तिला निवडू देतो. ते एकच राहिलं होतं, तिनं ते स्वतः निवडलं तर समजायचं तिला यायचंय. मग गाडी विकायची नाही. नाहीच निवडलं तर रविवारी येऊन घेऊन जा म्हणावं. लेकीनं सुस्कारा सोडला आणि बरं म्हणाली. म्हाताऱ्याशी कोण डोकं लावणार?

गुरुवारी सकाळी शेजारचे दोघं बोलावून काकांनी काकूंना व्हॅनमध्ये चढवलं. सात महिन्यांनी पहिल्यांदाच. चढवताना काकांच्या कमरेत अशी कळ गेली की तोंडातून आवाज निघाला आणि त्यांनी तो खोकल्यात दडवला. काकू त्यांच्याकडेच बघत होत्या.

कव्हरं शिवणाऱ्या बाईंचं दुकान गॅरेजच्या रांगेत शेवटी होतं. शेजारच्या गॅरेजातल्या दोन पोरांनी काकूंना खुर्चीसकट उतरवून दिलं. आत ताडपत्र्यांच्या गुंडाळ्या, सीटचा फोम, खळीचा वास आणि भिंतीला लावलेलं दणकट मशीन. काकांनी खिशातून चिठ्ठी काढून टायरचं माप दिलं. व्यास, रुंदी, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत, कॅलिपर लावून घेतलेलं. बाईंनी चिठ्ठी वाचली आणि विचारलं, हवा भरून मापलंत का? सात महिने उभ्या गाडीची स्टेपनी पार बसली होती. तुम्ही सगळं मापलंत, हवा सोडून, असं म्हणून बाई हसल्या, शेजारच्या गॅरेजातून हवा भरून आणवली आणि स्वतः टेप लावून पुन्हा माप घेतलं. त्या मापाची तयार कव्हरं त्यांनी काकूंच्या चाकाच्या खुर्चीसमोर टेबलावर मांडली.

पहिलं निघालं डोंगरामागून उगवणाऱ्या सूर्याचं. "नको," काकू म्हणाल्या. मग समुद्र आला. नको. मग जीभ काढून बसलेला कुत्रा, त्याला बघून बाईंना स्वतःलाच हसू फुटलं. नको. बाई बिचाऱ्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. काकांनी त्यांना हळूच सांगितलं की हिच्या तोंडाकडे लक्ष देऊ नका. काकांची नजर काकूंच्या डाव्या हातावर होती. दुकानातल्या गोष्टी सांगताना काकूच म्हणायच्या, गिऱ्हाईक तोंडानं काहीही म्हणू दे, जे हवंय त्याच्याकडे हात पुन्हा पुन्हा जातो.

बाईंनी सूर्यफुलाचं कव्हर काढलं. चांगलं परातीएवढं फूल, पिवळंधमक, कडा शेंदरी. काकांना वाटलं, हेच. त्यांच्या पडद्यांचीच बहीण शोभली असती. त्यांनी ते स्वतः उचलून काकूंच्या मांडीवर ठेवलं. काकूंनी त्यावरून एकदा बोटं फिरवली, सावकाश, पाकळ्यांच्या कडेकडेनं. आणि मग ते बाजूला सारलं.

हात टेबलावर गेला. ढिगाच्या तळाशी एक राखाडी कव्हर होतं. ना चित्र, ना अक्षर, ना रंगाची कड. काकूंनी ते ओढून काढलं.

"निवडलं!" काका ओरडलेच. बाईंचा दंड धरून म्हणाले, बघितलंत ना, तिनं निवडलं, स्वतः निवडलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हा माणूस हसत होता. मग गुडघ्यावर बसून ते काकूंना चिडवायला लागले. अगं, दर आठवड्याला माझ्याशी भांडलीस ती या राखाडीसाठी? मग माझं काळं काय वाईट होतं? गंमत म्हणून त्यांनी सूर्यफूल पुन्हा पुढं केलं. काकूंनी ते पुन्हा सारलं. राखाडी कव्हर मांडीवर पसरलं, डाव्या तळहातानं मधून कडेकडे सुरकुत्या काढत नेल्या, काउंटरवर गिऱ्हाइकापुढं कापड पसरायच्या तसं. आणि कव्हराकडे न बघता काकांकडे बघत राहिल्या.

बाई आपल्या सहज बोलून गेल्या. "चांगलं आहे तेही. गाडी विकायला काढली की लोक हेच नेतात. नव्या मालकाला त्याचं त्याचं काहीतरी लावायचं असतं ना."

काकांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण आतून ते गेलं होतं. घर विकून जाणारी माणसं दुकानात आली की काकू त्यांना फुलाफुलांचं कापड दाखवतच नसत. मालक ओरडला तरी नाही. साधं पांढुरकं काढून द्यायच्या आणि रात्री जेवताना काकांना सांगायच्या, अहो, जाणाऱ्यानं आपली आवड मागं ठेवू नये, येणाऱ्याला घर परकं वाटतं. किती वेळा ऐकलं होतं काकांनी हे.

म्हणजे स्वयंपाकघरातलं सगळं हिनं ऐकलं होतं. रविवार, नवीन जोडपं, तीन पायऱ्या, दोन माणसं. सकाळचा तो खोकलाही खोकला नव्हता हे हिला कळलं होतं. सात महिने ज्या उत्तरासाठी काका तळमळत होते, ते आज त्यांना स्वच्छ मिळालं होतं, शंकेला जागा न ठेवता मिळालं होतं, आणि ते हे होतं.

"तुला यायचं नाहीये?" त्यांनी विचारलं.

"नको," काकू म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. यायचं नाही असं त्या डोळ्यांत कुठंही नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात तेवढं वाचायला काका शिकले होते. यायचं होतं. काकांपेक्षाही जास्त यायचं होतं.

काकांना रडू आवरेना. त्यांनी काकूंच्या मांडीवर, त्या राखाडी रेक्झिनवरच डोकं टेकलं. बाई मशीनमागं जाऊन काहीतरी शोधत असल्यासारखं करत राहिल्या.

कव्हर काकांनी स्वतः बसवलं. इलॅस्टिक टायरच्या मागं ओढून घेतलं, शिवण बरोबर खाली येईल असं फिरवलं, काकूंच्या खुर्चीपाशी येऊन लांबून बघितलं. काकूंनी बोट उचलून दाखवलं, थोडं तिरकं होतं. त्यांनी जाऊन सरळ केलं.

मग त्यांनी लेकीला फोन लावला. आईनं निवडलं, एवढंच म्हणाले. पलीकडून लेकीचा आवाज असा आला की काकांनी तिला लहानपणानंतर तसं बोलताना ऐकलं नव्हतं. "खरंच बाबा? स्वतः निवडलं? मग मी त्यांना रविवारचं नाही म्हणून कळवते. नाही विकायची ना आता?"

"विकायची," काका म्हणाले. "तुझी आई म्हणाली."