भट्टीचा आंधळा डोळा

भट्टीवाल्या मामांनी अख्खी हयात लोखंड तापवण्यात घालवली. कारखान्यात सगळेच त्यांना मामा म्हणत, पण सख्खा भाचा एकच, थोरल्या बहिणीचा. त्याला मामांनीच कामाला चिकटवलं, आणि गुडघ्यांनी दगा दिल्यावर आपली दुपारची पाळीही त्यालाच दिली.

मामांचं हाडवैर एका डोळ्याशी. भट्टीला काचेचा डोळा होता. आतली ज्योत दिसेनाशी झाली की तो गॅस तोडायचा. "आंधळा आहे लेकाचा! भट्टी लालबुंद झालीय आणि हा म्हणतो ज्योत नाही," असं म्हणत मामा वायरचा तुकडा जोडून त्याला गप्प बसवत. गॅस पुन्हा सुरू, काम चालू. ही युक्ती त्यांनी भाच्यालाही मोठ्या कौतुकाने शिकवली होती.

त्या दुपारी घरी मामांची धाकटी लेक परीक्षेसाठी घोकत बसली होती. "लाल प्रकाश कितीही प्रखर केला, तरी या धातूतून एकही इलेक्ट्रॉन सुटत नाही."

"काहीतरीच! जास्त उजेड म्हणजे जास्त जोर," मामा चहा फुंकत म्हणाले.

"नाही हो बाबा. प्रकाश सुट्या पुड्यांनी येतो. लाल पुडीत जोरच कमी, हजार आल्या तरी इलेक्ट्रॉन जागचा हलत नाही. अतिनील प्रकाशाची एकच पुडी पुरते. तुमच्या भट्टीचा डोळा असाच चालतो. अतिनील निघतो ज्योतीतून. तापलेल्या विटा नुसत्याच लाल, त्या त्याला दिसत नाहीत."

मामांचा कप ओठांशीच थांबला. म्हणजे डोळा खरं सांगत होता. ज्योत दरवेळी खरोखरच विझलेली होती, आणि आपण वर गॅस सोडत राहिलो! विटा रसरशीत तापलेल्या असत म्हणून तो लगेच पेट घ्यायचा, इतकंच. गार विटांत तो नुसता साठत गेला असता. आणि दुरुस्तीसाठी गार केलेली भट्टी आजच, भाच्याच्या पाळीत पेटवायची होती.

भट्टीजवळ फोन नेऊ देत नसत. भाच्याचा फोन नुसता वाजत राहिला. मामांनी गेटवर लावला.

"त्याला बाहेर काढ! आधी गॅस बंद करायला सांग!"

"अहो मामा, कशाला घाबरताय?" वॉचमन हसला. "आत्ताच पाणी प्यायला आला होता. डोळा सारखा गॅस तोडत होता म्हणे, मग तुमची वायर लावली. गॅस मघापासून सुरू आहे, पण ज्योतच धरत नाहीये. आता पलिता घेऊन गेलाय पेटवायला."