आम्ही की आपण

शांतवनकाका गेल्याचं सुनंदाकाकूंनी फोनवर सांगितलं आणि रडू आवरत लगेच विचारलं, "गीतं कोणती घ्यायची रे?" मला गलबलून यायला हवं होतं, पण आधी आली ती चीड. टेक्सासमधल्या शुगर लँडच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या मासिक उपासनेसाठी काका आणि मी वर्षानुवर्षं गीतं निवडली, दरवेळी भांडून. आणि या माणसाने स्वतःच्या अंत्यविधीला काय गायचं ते कुणालाच सांगून ठेवलं नव्हतं! हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच लिहितो आहे.

काका मूळचे नगरकडचे, इथे इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. पट्टी जरा उंच लागली की म्हणायचे, "गळे काय भाड्याने आणलेत?" चाल जलद असली की, "कुठली फ्लाइट चुकतेय?" एखादं कडवं गाळू म्हटलं तर म्हणायचे, "मग उपदेशातलाही एक मुद्दा गाळायला सांगा पाळकांना." ज्या अमेरिकन चर्चचा हॉल आम्ही वापरतो, तो वेळेवर रिकामा करावा लागतो, हे सांगून सांगून मी थकलो. शनिवारी ठरलेलं गीत ते रविवारी सकाळी फोन करून बदलायचे. बायको म्हणायची, "उचलूच नकोस." मी उचलायचो...

माझी मुलगी रिया इथेच जन्मलेली. ती उपासनेत कीबोर्ड वाजवते. तिने एकदा स्वतः मराठीत गीत लिहिलं. 'आपण तुझी स्तुती करतो,' अशी सुरुवात होती. मला कोण आनंद झाला! काकांनी चष्मा वर केला. "आपण म्हणजे कोण गं? देव पण? तो स्वतःचीच स्तुती करतो का? 'आम्ही' पाहिजे."

"सेमच आहे ना, काका?"

"सेम? पाहुण्याला घरी बोलाव आणि त्याच्यासमोर 'आम्ही जेवतो' म्हण. उठून जाईल तो!"

रिया चिडली. "तुम्ही लोक सारखं 'आम्ही' म्हणता. आम्ही तिकडे असताना, आम्ही कॉलेजमध्ये असताना... त्यात मी कधीच नसते. आय हेट दॅट वर्ड."

काकांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू." पुढच्या महिन्यात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. व्याकरण काकांच्या बाजूने होतं, मुलगी माझी होती, आणि मी दोघांनाही बरोबर म्हणत राहिलो. रिया कीबोर्ड वाजवायची, पण गायचं तिने बंद केलं. ती यायचीही बंद होईल, अशी भीती मला दर उपासनेला वाटायची, आणि तरी काकांना एक शब्द बोलायचं धैर्य मला झालं नाही.

अंत्यविधीच्या आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, "शेवटी तुझं गीत घेऊ."

"काका चिडतील."

"चिडतील."

"मी 'आम्ही' करू का? फॉर हिम?"

मी गीतांची यादी बाजूला ठेवली. मग म्हटलं, "नको. काका आता देवाकडे आहेत. 'आम्ही' म्हटलं तर तेही बाहेर राहतील."

बरोबर केलं की चूक, मला अजून कळत नाही. सांगणारा माणूसच गेला.

बायपासनंतर काकांना प्रत्येक कडव्याच्या शेवटच्या ओळीआधी दम घ्यावा लागे. ते थांबत, म्हणून सगळे थांबत. रियाच्या गीतात थांबायची जागाच नव्हती आणि कुणी कुणाला सांगितलंही नव्हतं. तरी पहिल्याच कडव्यात, शेवटच्या ओळीआधी, सगळी मंडळी गप्प झाली. कीबोर्ड अर्ध्यात थांबला. हॉलमध्ये फक्त एसीचा आवाज. मग रियानेच ती ओळ उचलली, सगळ्यांच्या आधी, खणखणीत.

आता दर महिन्याला ती गाते, आणि दर कडव्याला हे सगळे थांबतात. त्यामुळे हॉल सोडायला उशीर होतो. मी वैतागून घड्याळाकडे बघतो... आणि थांबतो.