त्या सशाचं रक्त

ज्या सशाच्या रक्तावर माझं संशोधन चाललं होतं, तो मी कधी पाहिला नाही. तो परदेशातल्या एका कंपनीत होता. त्याला नाव नव्हतं, नुसता नंबर. नव्या करोना विषाणूचा एक निरुपद्रवी तुकडा त्याला टोचलेला होता आणि त्या तुकड्याला ओळखून धरणारी प्रतिपिंडं त्याच्या रक्तात तयार झाली होती. अधूनमधून थोडं रक्त काढून त्यातला रस, म्हणजे सीरम, कंपनीवाले बर्फात घालून सिंगापूरला आमच्या लॅबमध्ये पाठवत. रुग्णाच्या नमुन्यात तो विषाणू असला की आमच्या चाचणीत पिवळा रंग यायचा. बाकीच्या सशांची प्रतिपिंडं साध्या सर्दीच्या करोनालाही फसायची. हा एकटा पठ्ठ्या फसत नव्हता.

मग कंपनीची मेल आली. त्याची प्रतिपिंडं उतरणीला लागली आहेत, आता एकदाच सगळं रक्त काढून घ्यायचं का, शुक्रवारपर्यंत कळवा. सगळं काढायचं म्हणजे भूल द्यायची, आणि त्यातून ससा उठत नाही. नको म्हटलं तर माझी चाचणी अर्धवट राहणार होती. मी बॉसकडे गेले. तो मान वर न करता अस्सल सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "युअर प्रोजेक्ट. यू डिसाइड लाह." असा संताप आला! नको ती जबाबदारी वाटताना माणसं फार उदार होतात.

तेव्हा आई पुण्याहून आमच्या चोआ चू कांगच्या फ्लॅटवर आली होती. केकमध्ये अंडं नाही ना, हे दुकानात दोन-दोनदा विचारणारी माझी आई. तिला यातलं काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही. पोळ्या लाटता लाटता सगळं सांगून टाकलं.

तिने गॅस बारीक केला. "दुसरा ससा नाही का चालणार?"

"असाच मिळेल याचा काय नेम?"

"आणि तू नको म्हणालीस तर त्याचं काय होईल?"

"कोणीतरी पाळायला घरी नेईल. नेतात कधी कधी."

"म्हणजे जगेल."

"हो गं, जगेल!" मी खेकसलेच. नेमकं तेच मला ऐकायचं नव्हतं.

शुक्रवारी मी 'हो' कळवलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. त्या न पाहिलेल्या सशासाठीच रडले. संध्याकाळी आईला सांगितलं. आता ती पाप-पुण्य काढणार, म्हणून मी तयारीत होते. ती रिकामी तुपाची वाटी पोळीच्या तुकड्याने पुसून घेत होती.

"मग आता त्यातला थेंबही वाया घालवू नकोस," एवढंच ती म्हणाली.

नाही घालवला. नळीच्या झाकणाला चिकटलेला थेंब आमच्याकडे सगळे बिनदिक्कत टाकून देतात. मी नळी यंत्रात फिरवून तो तळाशी आणायचे, मगच नवी उघडायचे. बरोबरची मुलं हसायची. चाचणी पूर्ण झाली, चांगली झाली.

मागच्या आठवड्यात शेवटची नळी संपली. दुपारी मी पुण्याला फोन लावला.

"आई, त्या सशाचं होतं ना, ते आज संपलं."

ती म्हणाली, "ठेवते गं. आंघोळ करायची आहे."

आईची आंघोळ सकाळी सातलाच झालेली असते. घरचं कुणी गेल्याचं कळलं, तरच ती पुन्हा करते.