रिकाम्या हातांचा रविवार

फोन आला तेव्हा मी शाळेच्या मुलींना घेऊन बडोद्याला खो-खोच्या सामन्यांना गेले होते. मैदानावर इतका गोंगाट होता, की रेखाचं बोलणं आधी कळलंच नाही. रेखा म्हणजे माझ्या खोलीच्या खाली राहणाऱ्या विमलताईची सून. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि विमलताई गेली... मुलींना परक्या गावात सोडून निघता येईना. सुरतेला पोचले तोवर सगळं आटोपलं होतं, तिचा दारापुढचा ओटासुद्धा धुऊन झाला होता. दहाव्याला धुळ्याकडून आलेल्या एका बाईंनी विचारलं, तुम्ही यांच्या कोण? मी म्हटलं, वरच्या खोलीत राहते. मैत्रिणीला सुतक नसतं, तिच्याकडे कुणी भेटायलाही येत नाही. त्याच आठवड्यात शाळेने विचारलं, पुढच्या वर्षी थांबणार ना? अजून उत्तर दिलेलं नाही.

परभणीहून मी इथे सुरतेत आले ती या प्रशिक्षकाच्या नोकरीसाठी. पर्वत पाटियाजवळ खोली मिळाली. आठवडा मैदानावर निघून जायचा, रविवार मात्र खायला उठायचा. मुली गुजरातीत हसायच्या आणि मी शिट्टी वाजवायचे, एवढाच काय तो संवाद. दिवाळीत घरी जाऊन आले आणि ठरवलं, पुरे झालं, नोकरी सोडायची. खाली विमलताई ओट्यावर बसून साड्यांवर खडे चिकटवत असायची. गल्लीतल्या निम्म्या बाया हेच काम करतात. शेठचा माणूस गठ्ठा टाकून जातो आणि तयार साड्या घेऊन जातो. मी जायचं म्हणताच तिने मान वर केली आणि तिच्या अहिराणीत विचारलं, "रविवारले काय करस व माय एकटी?" मी म्हटलं, कॉलेजात असताना डोंगर चढायचे, इथे कुणाबरोबर जाऊ? ती म्हणाली, "मी येस ना तुनासंगे." मला हसू आलं. लग्न होऊन सुरतेत आल्यापासून ही बाई कापड मार्केट आणि गावाकडची गाडी यापलीकडे कुठे गेली नव्हती. पण पुढच्या रविवारी पदर खोचून, मुलाचे कॅनव्हासचे बूट घालून ती दारात उभी. मला तिने 'मास्तरीण' म्हणायला सुरुवात केली आणि स्वतःला 'तुम्ही' म्हणायची मला बंदी घातली.

तिच्या काखेत गाठोडं होतं. मला वाटलं, भाकरी असतील. डांगच्या जंगलातल्या एका डोंगरावर आम्ही धापा टाकत पोचलो, मी दरी बघत उभी राहिले आणि मागे वळून बघते तर हिने साडी पसरलेली! खड्यांची पुडी, गमाची बाटली, सगळा संसार मांडून बसली होती. नुसतं बसून काय करायचं, आणि घरापेक्षा उजेड चांगला, असं तिचं म्हणणं. वारा भन्नाट होता. खडा टेकवायच्या आत गमावर पापुद्रा धरत होता, हे तिच्या लक्षातच आलं नाही. घरी येऊन साडी झटकली, तर पदरावरचे सगळे खडे फरशीवर. ती कपाळाला हात लावून बसली आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "डोंगरनी मजुरी खाई टाकी!"

पुढच्या वेळी ती गाठोड्याशिवाय आली. तेव्हा मात्र तिला हातांचं काय करावं ते सुचेना. मांडीवर ठेवले, मग गवत उपटलं, मग नुसतीच त्यांच्याकडे बघत राहिली. बऱ्याच वेळाने बोलायला लागली. गेलेल्या नवऱ्याबद्दल, शाळेत पळण्यात पहिली यायची त्याबद्दल. मीही बोलले, माझ्या मोडलेल्या लग्नाबद्दल घरच्यांपाशीसुद्धा मी असं बोलले नव्हते. त्या दिवसानंतर जायचा विषय मी काढला नाही. नंतर गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी येऊ लागल्या. एकदा आम्ही डुमसला गेलो, तापी समुद्राला मिळते तिथे. वर खानदेशात त्याच तापीच्या काठी तिचं माहेर. खाडीच्या तोंडाशी गुडघाभर पाण्यात उभी राहून ती म्हणाली, "मना माहेरनं पाणी शे हाई." मी चिडवलं, गुजरातेतल्या उकाईच्या धरणात इतकं थांबून आलंय, आता ते गुजराती झालं असेल. ती शांतपणे म्हणाली, "मंग मी बी तशीच ना व माय."

आता त्या दोघी-तिघी रविवारी येत नाहीत. भेटल्या की चौकशी करतात, डोंगराचं नाव काढत नाहीत. रेखाने एकदा विचारलं, मला न्याल का? मी म्हटलं, बघू. विमलताईच्या जागी दुसरं कुणी चालत असलेलं मला इतक्यात बघवणार नाही, मग ती रेखा का असेना. भाऊ रोज फोन करतो. म्हणतो, परत ये, तिथे आता तुझं कोण आहे? खरंच कोणी नाही. परभणीत सगळी माझी माणसं आहेत, रडले तर जवळ घेतील. पण विमलताई म्हटलं की विचारतील, कोण ती? आणि मला ती पहिल्यापासून सांगावी लागेल. तेवढं बळ माझ्यात नाही. इथे भाजीवालीसुद्धा मला बघून आधी विमलताईच्या दाराकडे बघते, मग भाजी तोलायला घेते. मला सध्या तेवढंच पुरतं. उद्या शाळेला हो म्हणून सांगणार आहे.

आज रविवार. सकाळी डोंगरावर जायला बूट घालून खाली उतरले आणि तिच्या ओट्यावर बसले. ऊन पायांपर्यंत आलं तेव्हा उठले आणि बूट न काढताच वर खोलीत येऊन बसले.